अंगणातला राजहंस

ऊसतोड सुरू झाली की आमच्या वस्तीवर दरवर्षी एक तरी पाहुणा येतो. कधी फडात सापडलेले सशाचे पिल्लू, कधी ओढ्याकाठचे कासव, तर कधी ढोलीतून काढलेले, अंगावर धड पिसेही न आलेले पोपटाचे पोर. मुले ते सदऱ्यात गुंडाळून आणतात आणि चुलीपुढे येऊन उभी राहतात. "आई, ठेवूया ना गं!" तुमच्या घरी काही वेगळे होत नसणार.

काही वर्षांपूर्वी असे एक सशाचे पिल्लू आम्ही ठेवून घेतले. धाकट्याने त्याला कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजले, खोक्यात जुनी गोधडी घातली, रात्री दोनदा उठून पाहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यात ताठ होऊन पडले होते. पोर दोन दिवस धड जेवले नाही. पुढे कळले ते असे, की सशीण पिल्लाला टाकून गेलेली नसतेच. रानसशाची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊन येतात. तिच्या वावराने शत्रूला पिल्लांचा माग लागू नये म्हणून ती दिवसभर लांब राहते आणि अंधार पडला की येऊन पाजून जाते. आपल्याला दिवसा आई दिसत नाही, म्हणून आपण कळवळून पिल्लू उचलतो. म्हणजे त्याला पोरके आपणच करतो. असे पिल्लू दिसले तर तिथेच राहू द्यावे. कोयता चालूच असेल तर जवळच्याच बांधावर गवतात ठेवावे आणि सगळ्यांनी तिथून बाजूला व्हावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. पोपट, रानससा, कासव, मुंगूस यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. "पोपट तर घरोघरी असतो" असे आपण म्हणतो, पण आपला हिरवा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हाच. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढला. आता साध्या गुन्ह्यालासुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाठीवर चांदण्या असलेले कासव तर विकत घेऊही नका आणि कुणी "लक्ष्मी येते" म्हणून फुकट दिले तरी घेऊ नका.

मग मुलांनी पाळायचे तरी काय? कुत्रा, मांजर, शेळी असतेच. पण मुलाला काहीतरी निराळे हवे असते, आणि त्यात वावगे काही नाही. आमच्या घरी त्याचे उत्तर राजहंस निघाले.

राजहंस म्हणजे बदकाचा थोरला भाऊ म्हणा. लांब मान, केशरी चोच, चार ते सहा किलो वजन. आपल्याकडे मिळणाऱ्या काहींच्या चोचीच्या मुळाशी गाठ असते. ती चीनकडची जात. बिनगाठीचे युरोपातल्या कलहंसापासून पाळीव झालेले. दोन्ही हजारो वर्षे माणसाजवळ राहिलेली, त्यामुळे ती पाळायला वन खात्याची आडकाठी नाही. मात्र हिवाळ्यात जायकवाडीला किंवा उजनीला जे पट्टकदंब येतात ते रानातले हंस. ते हिमालय ओलांडून आलेले पाहुणे असतात. "जंगली हंस आणलाय" म्हणून कुणी विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारले, "कोंबडी अंडं देते, शेळी दूध देते. ह्या लांब मानेचं काय करायचं?" प्रश्न खरा आहे. हिशेबाने पाहाल तर राजहंस कोंबडीइतका परवडत नाही. मादी हंगामातच अंडी घालते, वर्षाकाठी साधारण तीस-चाळीस. अंडे मात्र कोंबडीच्या अंड्याच्या अडीच-तीन पट. पाळायचा तो हौसेने आणि राखणीसाठी. आणि तो वीस वर्षेही जगतो, हे आधी लक्षात घ्या. आज पाचवीत असलेल्या मुलाने आणलेला पक्षी तो मुलगा संसाराला लागेपर्यंत तुमच्या अंगणात असेल. मुलगा शिकायला परगावी गेला तर पाणी कोण बदलणार, हे आणण्याआधी घरात बोलून ठेवा.

एकटे पिल्लू कधी आणू नका. ही चूक आम्ही केली. हंसाचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे हलताना पाहते त्याला आई मानते. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झ यांनी कलहंसाच्या पिल्लांवर हे दाखवून दिले. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासाबद्दल त्यांना १९७३ साली नोबेल मिळाले. वाचायला गंमत वाटते. पण मुले शाळेत गेल्यावर दिवसभर दाराशी ओरडत बसलेले पिल्लू पाहिले की गंमत संपते. आठवड्याने आम्ही जाऊन दुसरे आणले, तेव्हा कुठे ते शांत झाले. दोन किंवा तीन आणा. घेताना डोळे चमकदार, पाय सरळ, बेंबी मिटलेली आणि मागची बाजू कोरडी आहे ना, ते पाहा. नर-मादी लहानपणी ओळखू येत नाहीत. मोठेपणी नराचा आवाज चिरका आणि मादीचा जाडसर, एवढीच साधी खूण.

पहिले तीन-चार आठवडे ऊब लागते. लाकडी खोक्यात भाताचे तूस पसरून वर पिवळा दिवा टांगावा. एलईडी चालत नाही, तो तापत नाही. पिल्ले एकमेकांवर चढून बसली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर दिवा फार खाली आहे. त्यांच्या अंगावर नजर ठेवली की थर्मामीटर लागत नाही. खाद्य कोंबडीच्या पिल्लांचेच चालते, पण हंसाला 'ब' गटातले नायसिन जास्त लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारून ते द्यावे. औषध मिसळलेले खाद्यही त्यांना विचारल्याशिवाय नको. पुढे भरपूर कोवळे गवत द्यावे. पाव, बिस्किटे आणि भरडा यांचा मारा केला तर वाढत्या पिल्लाचे पंख बाहेरच्या बाजूला वळतात आणि मोठेपणी ते सुधारत नाहीत. लाडाने पक्षी अधू होतो, तो असा.

तळे नसले तरी चालते. मोठ्या पक्ष्याला डोके बुडेल एवढे खोल घमेले पुरे. त्यात तो डोळे-नाक धुतो. आईविना वाढलेल्या लहान पिल्लांना मात्र पोहायला सोडू नका. त्यांची लव भिजते आणि ती गारठतात. नीरक्षीरविवेकाची परीक्षा आमच्या थोरलीने घेतली. दुधात पाणी घालून वाटी पुढे ठेवली, त्याने वाटी पालथी करून दोन्ही मातीला मिळवले. दूध त्याचे अन्न नव्हे.

मोठा झाला की तो हरळी, लसूणघास आणि बांधावरचे कोवळे गवत चरतो. अमेरिकेत एके काळी कापसाच्या रानात तण खायला राजहंस सोडत, कारण तो गवत खातो आणि कापसाच्या झाडाला सहसा तोंड लावत नाही. पण तुमच्या मेथीच्या आणि कांद्याच्या वाफ्यावर विश्वासाने सोडू नका. आमची मेथी अर्ध्या तासात साफ झाली होती.

राखणीला पक्का. रोमवर गॉल लोक रात्री चालून आले तेव्हा कुत्रे गप्प राहिले आणि हंसांनी रोमनांना जागे केले, असे रोमन इतिहासकार सांगतात. आमच्या वस्तीवर परका माणूस फाटकाशी आला की चहाचे आधण ठेवायला मला वेळ मिळतो. विणीच्या दिवसांत नर अंगावर येतो, पंखाचा तडाखा जोरात बसतो, तेव्हा रांगती पोरे लांब ठेवा. त्याच्यापुढून पळू नये. हात पसरून ठाम उभे राहिले की तो माघार घेतो. उचलताना पाय कधी धरू नयेत, ते लगेच निखळतात. पंख अंगाशी दाबून, खालून आधार देऊन उचलावा. रात्री मात्र बंद खुराडे हवेच, खाली कोरडे तूस आणि वर जाळी. बिबट्याच्या भागात तर सूर्य मावळायच्या आत कडी लावावी. हंस ओरडेल, पण बिबट्याशी झुंजणार नाही.

कोंबड्यांपासून त्यांना वेगळे ठेवा. देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नवापूरला. एकाएकी पक्षी मरू लागले तर न लपवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता जे सांगायचे ते मला जड जाते. तिसऱ्या वर्षी हरभऱ्याच्या पेरणीला बियाण्याला औषध चोळून घमेले मी बांधाला ठेवले आणि भाकरी आणायला घरात गेले. परत आले तर मादीची चोच त्यात होती. पाणी पाजले, डॉक्टरांना बोलावले, ते लगोलग आले. दिवेलागणीला ती गेली. नर चार दिवस खुराड्याच्या दाराशी उभा राहून हाका घालत होता. समोर टाकलेले गवत तसेच वाळून जाई. सासूबाई, ज्यांनी लांब मानेचे काय करायचे म्हणून विचारले होते, त्या पायरीवर बसून त्याच्याशी बोलत. पाचव्या दिवशी त्यांच्याच हातचा लसूणघास त्याने खाल्ला.

तुमच्या घरी हंस असो वा नसो, कोंबड्या आहेतच. औषध लावलेले बियाणे उघडे ठेवू नका, सांडलेले दाणे मातीत बुजवा, आणि फवारलेल्या रानात काही दिवस पक्षी सोडू नका. खिळे, तारेचे तुकडे, चकाकणारे काहीही हंस गिळतो, तेव्हा पत्रे ठोकल्यावर अंगण झाडून घ्या.

पुढच्या वर्षी दोन तरुण माद्या आणल्या. एकदम आत सोडल्या नाहीत. मध्ये जाळी बांधून आठ दिवस शेजारी-शेजारी ठेवल्या. पहिले दोन दिवस तो फुत्कारत होता. मग जाळीच्या त्याच बाजूला येऊन झोपू लागला. नवव्या दिवशी धाकट्याने जाळी सोडली. बियाण्याची खोली आता कडीकुलपात असते आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला.