मांजराचा पाय मोडला तर...

चंदीगढच्या सेक्टर १७ चा प्रशस्त चौक पायी फिरणाऱ्यांसाठी राखलेला आहे. मात्र चौकाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाड्यांची गर्दी असते. थंडीत गाडीखाली ऊब घेत बसलेले मांजर चालकाला दिसत नाही. चाक फिरते आणि मोडलेला पाय फरफटत ते बिचारे जिन्याखाली दडते.

अशा वेळी कुणी हळदीचा लेप लावून काटक्या बांधतो, तर कुणी कळवळून घरातली पॅरासिटामॉलची गोळी दुधातून देतो. ही माया मांजराच्या जिवावर बेतते. माणसाचे यकृत हे औषध पचवते, मांजराचे पचवू शकत नाही. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच घटते. एक गोळीही प्राण घेऊ शकते.

मग काय करावे? मांजराला जाड टॉवेलमध्ये अलगद गुंडाळून भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावे. पाय ओढू नये, बांधू नये. भूल द्यावी लागेल म्हणून खायलाही देऊ नये. मग थेट पशुवैद्यांकडे न्यावे. चंदीगढमध्ये सेक्टर ३८ (पश्चिम) येथे प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीचे रुग्णालय आहे.

डॉक्टर आधी श्वास, छाती आणि लघवी तपासतात. मोडलेले हाड थोडे थांबू शकते, फुप्फुसाची इजा थांबत नाही. त्यानंतर एक्स-रे, मग प्लास्टर किंवा सळी.

घरी आणल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे त्याला मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे. उड्या मारू न देणे हेच अर्धे औषध. उरलेले अर्धे म्हणजे घरातल्यांचा धीर!