युरोपात गाडी घेऊन फिरताय? सीमा ओलांडली की इंटरनेट का जातं, ते आधी समजून घ्या!

पॅरिसला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि जिनिव्हा, इंटरलाकेन करत थेट मिलान गाठायचं. टूर कंपनीच्या बसऐवजी अशी सहल स्वतः आखणारी मराठी कुटुंबं हल्ली बरीच दिसतात. व्हिसा, हॉटेल, वाहन परवाना, अगदी भाकरवडीच्या पुड्यांचीसुद्धा यादी होते. इंटरनेटचं मात्र "तिथे गेल्यावर सिम घेऊ" एवढ्यावर भागवलं जातं. आणि मग स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरल्यावर ऐन हायवेवर नकाशा पुढे सरकायचा थांबतो.

असं का होतं? तर त्याचं मूळ एका कायद्यात आहे.

१५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचं वेगळं शुल्क बंद झालं. फ्रान्सचं सिम इटलीत किंवा ऑस्ट्रियात घरच्यासारखंच चालतं. (डेटा किती वापरायचा याला काही मर्यादा असतात, पण आठ-दहा दिवसांच्या सहलीत त्या सहसा आड येत नाहीत.) २०२२ मध्ये हा नियम आणखी १० वर्षांसाठी वाढवला गेला. युनियनचे २७ देश आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाईन यात येतात.

स्वित्झर्लंड येत नाही!

गंमत बघा, लिक्टेनस्टाईन हा स्वित्झर्लंडला चिकटलेला, जेमतेम २५ किलोमीटर लांबीचा देश. तो या यादीत आहे आणि आपण ज्यासाठी एवढ्या लांब जातो तो स्वित्झर्लंड बाहेर. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनही बाहेर पडला. या देशांत सिम चालवायचं की नाही, हे ज्या त्या कंपनीवर अवलंबून. त्यामुळे पाकिटावर नुसतं 'युरोप' लिहिलेलं पाहून सिम घेऊ नका, देशांची यादी वाचा.

मोबाईलच्या लहरींना सीमा कळत नाही, हीसुद्धा एक अडचण. जिनिव्हा शहर फ्रान्सला इतकं खेटून आहे की गाडी फ्रान्समध्ये असतानाच फोन स्विस टॉवर पकडू शकतो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क स्वतः निवडावं, 'ऑटोमॅटिक'वर सोडू नये.

भारतातला पॅक की ई-सिम?

भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घेतला, तर तुमचा डेटा बहुतेक वेळा आधी भारतात येतो आणि मग पुढे जातो. तुम्ही आल्प्समध्ये, पण इंटरनेटच्या लेखी मुंबईत! त्यामुळे वेग थोडा मंदावतो, पण बँकेची आणि इथली बाकीची अॅप्स कुरकुर करत नाहीत. प्रवासासाठीचं ई-सिम बऱ्याचदा स्वस्त पडतं आणि घरबसल्या घेता येतं, फक्त फोन ई-सिम चालणारा हवा. चौघांच्या गाडीत मला तरी हा मार्ग बरा वाटतो: एका फोनमध्ये स्वित्झर्लंडसह चालणारं ई-सिम, बाकीच्यांना हॉटस्पॉट आणि गाडीत चार्जर.

पण भारतीय सिम काढून ठेवू नका. कारण ओटीपी. स्विस महामार्गावर जायला ४० फ्रँकचा वार्षिक टोल-परवाना लागतो. फ्रान्समध्ये घेतलेल्या भाड्याच्या गाडीवर तो असेलच असं नाही. २०२३ पासून तो ऑनलाइनही मिळतो, गाडीच्या नंबरवर. पैसे भरताना बँकेने ओटीपी पाठवला आणि सिम पुण्यात कपाटात असलं, तर काय करणार?

इथे एक गोंधळ हमखास होतो. 'इंटरनॅशनल रोमिंग' ही सेवा तुमची कंपनी सुरू करून देते. ती असेल तर परदेशात सिमला नेटवर्क आणि मेसेज मिळतात. 'डेटा रोमिंग' हे मात्र तुमच्या फोनमधलं बटण. पहिली गोष्ट निघण्यापूर्वी चालू करून घ्यायची, दुसरी भारतीय सिमवर बंद ठेवायची. ई-सिमवर मात्र डेटा रोमिंग चालू लागतं. रिचार्जची मुदत सहलीच्या मधेच संपत नाही ना, तेही पाहा. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं, त्याला डेटा कोणत्या सिमचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

इंटरनेट नसतानाही रस्ता सापडतो

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह संदेश पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. म्हणून आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर पुढच्या भागाचा गुगल मॅप उतरवून घ्या. गाडीचा रस्ता तो ऑफलाइनही सांगतो, पुढे ट्रॅफिक किती आहे ते मात्र सांगत नाही. गॉटहार्डच्या जवळपास १७ किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रहही दिसत नाहीत, पण तिथे वळायला दुसरा रस्ता नसतोच!

भाषांतराच्या अॅपमध्ये फ्रेंच, जर्मन, इटालियनही याच वेळी उतरवा. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप मोबाईल डेटावर बंद ठेवा. डेटा खरा तोच खातो, नकाशाला फार लागत नाही.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर आपल्याकडचाच ११२ हा नंबर तिथेही चालतो. तुमच्या सिमला रेंज नसली, तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून हा फोन लागू शकतो. सिम मात्र फोनमध्ये असू द्या, फ्रान्स आणि जर्मनीत बिनसिमच्या फोनवरून ११२ लागत नाही. पलीकडून पहिला प्रश्न येईल, "कुठे आहात?" गावाचं नाव उच्चारता येत नसेल, तर रस्त्याकडेच्या फलकावरचा हायवेचा आणि किलोमीटरचा आकडा सांगा. तोही दिसत नसेल, तर नकाशात स्वतःच्या जागेवर बोट दाबून धरा. अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसतात, ते वाचून दाखवा. त्यालाही इंटरनेट लागत नाही.