जंतूंस कवच : पुडक्यांतील जिवाणु मुळापर्यंत जिवंत कसे पोहोंचतील ?

हरभरा, तूर, भुईमूग किंवा सोयाबीन यांचें रोप फुलावर येण्याच्या सुमारास मातीसह अलगद काढून पाहिलें तर मुळांवर बारीक गांठी दिसतात, हें आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. या गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र पिकास घेतां येईल अशा रूपांत आणून देतात व त्याच्या मोबदल्यांत पिकाकडून साखर घेतात. ही गोष्ट हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६ ते १८८८ च्या सुमारास सिद्ध केली. १८८८ सालीं बायेरिंक या डच शास्त्रज्ञानें ते जंतु गांठींतून वेगळे काढून वाढविले, आणि १८९६ च्या सुमारास जर्मनींत असे जंतु विकतहि मिळूं लागले. म्हणजे जंतु बाजारांतून आणून बियाण्यास चोळणें ही कालपरवांची गोष्ट नव्हे. असें असूनहि गांवोगांवीं एकच तक्रार कानीं येते कीं, पुडकें लावलें, पैसे गेले, पण फरक कांहीं दिसला नाहीं.

या तक्रारीचीं कारणें अनेक असूं शकतील. परंतु त्यांतील एक मोठें कारण असें कीं, पुष्कळदां शेतांत जातात ते जंतु नसून त्यांचीं प्रेतें असतात. रासायनिक खताचें पोतें वर्षभर कोठींत राहिलें तरी तें खतच राहतें. जिवाणुखताचें तसें नाहीं. जंतु जिवंत आहेत तोंवर तें खत; ते मेले म्हणजे उरते ती निव्वळ काळी पूड. म्हणून जंतूंना एखाद्या कवचांत बसवून मुळापर्यंत जिवंत नेण्याची जी विद्या गेल्या कांहीं दशकांत वाढली आहे, तिचा विचार शेतकऱ्यानें आपल्या फायद्यातोट्याच्या दृष्टीनें करणें अगत्याचें आहे.

जंतु कोठें मरतात ?

गांठी करणारे जंतु २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णमानांत सुखानें वाढतात. ४० अंशांच्या पुढें त्यांचा नाश झपाट्यानें होतो. आपल्याकडे ते बहुधा लिग्नाइट किंवा कोळशाच्या भुकटींत मिसळून पुडक्यांत भरतात. सोयाबीनसाठीं लागणारीं पुडकीं जूनच्या पेरणीपूर्वीं दुकानांत यावयास हवींत, म्हणजे ऐन मे महिन्यांत तीं पत्र्याच्या छपराखालीं पडून राहणार. विदर्भांत त्या वेळीं पारा ४५ अंशांवर जातो. हरभऱ्याच्या पुडक्याचें नशीब त्यामानानें बरें, कारण त्याची पेरणी पावसाळा संपल्यावर होते.

पुडकें फोडल्यानंतरहि संकट संपत नाहीं. बियाण्यास बुरशीनाशक चोळलेलें असतें, तें जंतूंस बाधतें. ओलें बियाणें वाळूं लागलें कीं जंतूंच्या अंगचें पाणी जातें. त्यांतच तें उन्हांत पसरलें, खताबरोबर मिसळलें किंवा कोरड्या मातींत पडून राहिलें तर उरलेसुरले जंतुहि जातात.

आतां थोडा हिशेब पाहूं. भारत सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशांत २००६ सालीं जिवाणुखतांचा समावेश झाला. त्यांतील मानाप्रमाणें भुकटीच्या दर ग्रॅमांत किमान ५ कोटी, व द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरांत किमान १० कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत. २५० ग्रॅमांच्या पुडक्यांत याप्रमाणें १,२५० कोटी जंतु झाले. शंभर दाण्यांचें वजन २० ग्रॅम धरल्यास १० किलो हरभऱ्यांत ५० हजार दाणे भरतात. म्हणजे दर दाण्याच्या वांट्यास अडीच लाख जंतु आले. टपोऱ्या दाण्याच्या पिकास दर दाण्यामागें निदान एक लाख जिवंत जंतु असावेत असें सामान्यतः मानतात. पुडक्यांतील नऊ दशांश जंतु वाटेंत मेले, तर दाण्यास केवळ २५ हजार उरतात. पुडकें तेंच, छाप तीच, किंमतहि तीच. काम मात्र होत नाहीं.

कवच कसें करितात ?

कवचासाठीं सर्वांत अधिक वापरांत असलेला पदार्थ म्हणजे अल्जिनेट. हा तपकिरी समुद्रशेवाळापासून काढतात. तामिळनाडूच्या रामनाथपुरम् किनाऱ्यावर असें शेवाळ गोळा करण्याचा धंदा आहे, आणि आपल्या कोंकणच्या खडकांवरहि सरगॅसम जातीचें शेवाळ उगवतें. सोडियम अल्जिनेट पाण्यांत शेंकडा दोनच्या आसपास विरघळविलें म्हणजे दाट चिकट द्रव होतो. त्यांत जंतु कालवून तो थेंबाथेंबानें कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यांत सोडतात. झाऱ्यांतून बुंदी पडावी तसे हे थेंब पडतात. फरक इतकाच कीं येथें तेल नाहीं व आंचहि नाहीं. पाण्यांतील कॅल्शियम सोडियमची जागा घेतें, थेंब तत्काळ गोठून त्याचा मऊ मणी बनतो, आणि जंतु आंत कोंडले जातात. हे मणी दोन-तीन मिलिमीटरांचे असतात. द्रव फवाऱ्यानें सोडल्यास त्याहून पुष्कळच बारीक, धुळीसारखे कणहि करतां येतात.

योआव बाशान या संशोधकानें १९८६ सालीं अझोस्पिरिलम जंतु अशा मण्यांत घालून गव्हावर वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. मण्यांत जंतूंबरोबर साय काढलेल्या दुधाची भुकटी, पिष्ट किंवा माती घालतात. त्यामुळें त्यांस शिदोरी मिळते व मणीहि घट्ट होतो. ट्रेहॅलोज नांवाची साखर घातल्यास वाळवणुकींत जंतु कमी मरतात. सर्व कृतींत वाळवणूक हीच खरी कसोटीची पायरी होय. ती घाईनें किंवा फार उष्णतेनें केल्यास कवच उत्तम, पण आंत मढें, अशी गत होते.

मातींत ओल मिळाली कीं मणी फुगतो, मातींतील इतर जंतु त्याचें आवरण हळूहळू खातात, आणि आंतील जंतु एकदम न सुटतां क्रमाक्रमानें बाहेर पडतात. दुसरा लाभ असा कीं, मणी बियाण्यापासून अलग राहून तासांत पडत असल्यामुळें बुरशीनाशकाचा जंतूंशीं थेट स्पर्श टळतो. परंतु हे जंतु मातींत स्वतः फार दूर जात नाहींत, म्हणून मणी बियाण्याच्या निकटच पडला पाहिजे. आणि ओल नसेल तर तो तसाच राहील, हेंहि विसरतां कामा नये.

कवचाची मर्यादा

कवचाची शक्ति किती, याचें एक उदाहरण बोधप्रद आहे. बाशान व त्यांच्या सहकाऱ्यानें वाळविलेल्या मण्यांतील जंतु चौदा वर्षांनंतर तपासले, तेव्हां त्यांत अझोस्पिरिलम व स्यूडोमोनस हे दोन्ही जिवंत आढळले. हें वृत्त १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. पण त्याच तपासणींत संख्या दर ग्रॅमीं एक लाख ते दहा लाख इतकी उतरलेली होती. आपल्याकडील मान पांच कोटींचें आहे, हें लक्षांत घेतां जंतु जिवंत असणें निराळें व कामास पुरेसे असणें निराळें, हा भेद स्पष्ट होतो. कवच मरण लांबवितें, टाळीत नाहीं.

शिवाय सर्वच जंतूंस कवचाची सारखी गरज नाहीं. बॅसिलस जातीचे जंतु प्रतिकूल काळांत स्वतःच कठीण बीजाणु बनवून राहतात. गांठीचे जंतु तसें करूं शकत नाहींत. त्यांसच आसऱ्याची खरी जरूर. केरळांतील कोझिकोडे येथील भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेनें जिलेटिनच्या लहान कुपींत जिवाणु भरण्याची रीत काढली आहे. ही कुपी पाण्यांत विरघळवून वापरतात. तिचा लाभ सांठवण व वाहतूक यांत आहे. पाण्यांत विरघळल्यावर जंतु उघडेच होतात, म्हणून अल्जिनेटचा मणी व ही कुपी एकच समजूं नयेत.

अल्जिनेट हें लिग्नाइटहून महाग पडतें, म्हणून मण्याची किंमत अधिक असणार. आणि जंतु कितीहि जिवंत असले तरी पीक चुकीचें असेल, जमीन चोपण किंवा पाणथळ असेल, स्फुरदाची उणीव असेल, अथवा आधींच नत्रखत भरपूर घातलें असेल, तर गांठी भरत नाहींत. हरभऱ्याचा जंतु सोयाबीनला चालत नाहीं, हें तर प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

आज काय करावें ?

कवचयुक्त खत मिळो वा न मिळो, पुढील गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पुडक्यावर पिकाचें नांव, तयार केल्याची तारीख, मुदत व जिवंत पेशींची संख्या पाहूनच तें घ्यावें. घरीं आणल्यावर माठाजवळच्या थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावें. बुरशीनाशक आधीं चोळावें, जंतु शेवटीं. एक लिटर पाण्यांत १२५ ग्रॅम गूळ उकळून तें पूर्ण थंड झाल्यावरच त्यांत जंतु कालवावेत. १० ते १५ किलो बियाण्यास २५० ग्रॅम पुरतें. बियाणें सावलींत सुकवून त्याच दिवशीं पेरावें.

खरी परीक्षा मात्र आपल्या शेतांतच होते. दहा तास जंतु न लावतां पेरावे, आणि ते आधीं पेरावे, म्हणजे पाभरीस लागलेले जंतु तेथें जाणार नाहींत. फुलाच्या सुमारास दोन्हीकडचीं दहा-दहा रोपें खणून काढावीं. गांठ नखानें फोडल्यावर आंत तांबूस गुलाबी दिसली तर ती काम करीत आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाहीं. मोठ्या गांठी मुख्य मुळाच्या वरच्या भागीं असतील तर त्या बहुधा लावलेल्या जंतूंच्या समजाव्या. दोन्हीकडे सारख्याच गुलाबी गांठी असल्यास आपल्या जमिनींत योग्य जंतु पूर्वींपासून आहेत. मग महाग कवचावर खर्च करण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

एकट्यादुकट्याचा आवाज दुकानदारापर्यंतहि पोहोंचत नाहीं. म्हणून शेतकरी बंधूंस सुचवावेसें वाटतें कीं, सभासदांनीं मिळून एकाच वेळीं मागणी करावी, माल थंड वेळीं आणवावा, आणि वांटणीपूर्वीं त्यांतील एक पुडकें शासनमान्य प्रयोगशाळेंत गणतीसाठीं धाडावें. मणी असो, कुपी असो वा काळी भुकटी, विकणारानें पेरणीच्या दिवशींची जिवंत संख्या सांगितली पाहिजे. बी उगवत नसेल तर आपण तें परत करितों. मेलेले जंतु मात्र आजवर निमूटपणें घेत आलों. ती रीत आतां सोडावी.