उतारूंची यादी

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ वादळात सापडली. लाटांचं पाणी डेकवर आलं, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि बोट काही मिनिटांत उलटली. बिनतारी यंत्र नसल्याने मुंबईला खबर लागायला दुपार उलटून गेली. मृतांचा आकडा कुठे सहाशेच्या वर सापडतो, कुठे सातशेच्या वर. हा शंभरेक माणसांचा फरक म्हणजे तितकीच घरं, आणि माझ्या मते बोट बुडाल्यानंतर घरच्यांचे जे हाल होतात त्यांचं मूळ या फरकातच आहे. बोट बुडते मिनिटांत. 'आमचा माणूस त्या बोटीवर होता का?' हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं बुडत नाही.

प्रेत मिळालं तर घर रडतं, तेरावं घालतं, कधीतरी सावरतं. प्रेत नाही आणि नावही कुठे नाही, तर श्राद्धाची तिथी धरायची कशी, बाईने कुंकू लावायचं की पुसायचं, सातबाऱ्यावर वारस कुणी लागायचं? थेट पुरावा नसेल तर सात वर्षं ठावठिकाणा न लागलेला माणूस मृत मानावा, असं आपला पुरावा कायदा सांगतो. बोटीवरची साधी नोंद वारसांचं हे थांबणं पुष्कळ कमी करू शकते. चाकरमान्यांना मुंबईला नेणाऱ्या आगबोटींवर वाढलेल्या मालवण-वेंगुर्ल्याला हे वेगळं सांगायला नको.

घटकाभराच्या फेरीला नावं कसली लिहायची, असं जेटीवर कुणीही म्हणेल. सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, हंगाम जेमतेम आठ महिन्यांचा, त्यात मे महिन्याची झुंबड. अडचण खरी आहे. पण २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे गेले, तीही किनाऱ्यालगतच. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बुडाली. परवाना ८४ उतारूंचा, बोटीत माणसं शंभरावर. शेवटचा मृतदेह हाती लागला तो तीन दिवसांनी. युरोपने १९९८ साली नियम केला तेव्हा याच अडचणीतून वाट काढली: लांबच्या फेरीला नावं, जवळच्या फेरीला निदान सुटण्याआधी मोजणी. आपल्या एसटीचा वाहकही वेबिल भरतोच की! आणि एसटीतला माणूस रस्त्यावर तरी सापडतो.

यादीने माणूस वाचत नाही, हा आक्षेप जास्त वजनदार. जीव वाचवतात ती अंगात घातलेली (बाकाखाली कोंबलेली नव्हे) लाईफ जॅकेटं आणि उधाणाला मान देणारा तांडेल. तरीही डोकी मोजावी लागली की जादा माणूस चढवताना हात आखडतो, आणि किती जणांना शोधायचं हे बचाव करणाऱ्यांना पहिल्याच तासाला कळतं. हा भार एकट्या बोटवाल्यावर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. त्याचं पोट फेऱ्यांवर आहे. मेरीटाईम बोर्डाने जेटीवर आपला माणूस बसवावा, नाव आणि घरचा फोन नंबर टिपून प्रत किनाऱ्यावर ठेवावी. पावसाळ्यानंतर किल्ल्याच्या फेऱ्या सुरू होतील, त्या या नोंदीसकटच व्हाव्यात. आणि पर्यटकांनीही नाव सांगितल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नये.