शिवारांतले शब्द

महसुलाच्या दफ्तरांत तीस वर्षें कारकुनी केलेल्या मनुष्यास कशाची हौस असावी, असें कोणी विचारिलें तर मी म्हणेन, शब्दांची. सेवानिवृत्त झाल्यावर कोणी देवयात्रा करितो, कोणी बांधाच्या तंट्यांत मन रमवितो. मी एक जाड वही घेऊन जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांतून हिंडतों, आणि म्हातारींकोतारीं माणसें जो शब्द सहज बोलून जातात तो टिपून घेतों. ही हौस बिनखर्चाची आहे. शिवाय ती एकट्यापुरती राहत नाहीं. नवा शब्द सांपडला कीं तो कोणास तरी सांगितल्यावांचून चैन पडत नाहीं, आणि ऐकणारा "अहो, आमच्याकडे याला असें म्हणतात" असें म्हणून पदरचा एक काढून देतो. पैसा दिल्यानें कमी होतो. शब्दाचें तसें नाहीं.

'घात' हा शब्द घ्या. पेठेंतल्या मनुष्यास तो एकाच अर्थानें ठाऊक असतो: तो घात, म्हणजे नाश किंवा दगा. शेतकऱ्याची मात्र ती घात. पाऊस पडून उघडला, वरचें पाणी जिरलें, माती मुठींत दाबली तर गोळा होतो पण बोटांस चिकटत नाहीं, म्हणजे जमिनीला घात आली. 'वाफसा' हा शब्दही त्याच प्रसंगीं चालतो. परंतु माझ्या कानास दोहोंत थोडा भेद वाटतो. वाफसा ही मातीची अवस्था, आणि घात ही ती अवस्था टिकून आहे तोंवरची कामाची संधि. म्हणूनच वाफसा 'होतो', आणि घात 'येते' व 'निघून जाते'. केवळ लिंग बदललें आणि नाशाच्या जागीं संधि उभी राहिली! ज्यानें हा भेद प्रथम केला तो मनुष्य शाळेंत गेला असेल किंवा नसेल, पण त्यानें पाभर खचित धरली असली पाहिजे.

असा शब्द सांपडला कीं मी घरीं येऊन कोश उघडतों. मोल्सवर्थ नांवाच्या लष्करी साहेबानें कँडी बंधु आणि अनेक पंडित यांच्या साहाय्यानें मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तो १८३१ सालीं निघाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालची. दाते व कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या सालांत प्रसिद्ध झाले. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्र्यंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गांवगाडा' हाही एक कोशच होय. गांवच्या कारभाराचे व बलुत्याचे किती शब्द त्यांत आहेत! शब्द कोशांत आढळला म्हणजे परगांवीं ओळखीचा मनुष्य भेटावा तसें वाटतें. आढळला नाहीं तर आनंद अधिकच, कारण तो अद्यापि कोणाच्या तरी ओट्यावरच राहतो आहे, असें ठरतें.

माझ्या वहींतलें सर्वांत भरलेलें पान आहे तें एकमेकांस हात लावण्याच्या शब्दांचें. सहकारी संस्था निघण्याच्या कितीतरी आधींपासून आपल्या शिवारांत सहकार होता, आणि त्याचे प्रकार इतके बारीक होते कीं प्रत्येकास वेगळें नांव द्यावें लागलें. दोघां शेतकऱ्यांजवळ पुरते बैल नसले म्हणजे ते जोड्या एकत्र करून आज तुझें रान, उद्यां माझें, असें आळीपाळीनें ओढीत, तो वारंगुळा. बैलांऐवजीं माणसांनींच कामाच्या दिवसांची फेड दिवसांनीं केली तर ती सावड. आणि एखाद्याची नांगरट मागें पडली असतां त्यानें गांवांतल्या औतांस बोलावणें करावें, सर्वांनीं एका दिवसांत त्याचें रान उलथून द्यावें, व त्यानें त्यांस गोडाधोडाचें जेवण घालावें, ती इर्जिक. वारंगुळ्यांत हिशेब असतो, सावडींतही असतो, पण इर्जिकींत नसतो. आज तिन्ही कामांस आपण 'मजुरी' किंवा 'उक्तें' एवढेच दोन शब्द लावितों, आणि ट्रॅक्टरवाल्यास तासाचे पैसे मोजून मोकळे होतों. ट्रॅक्टरास मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्याच्याजवळ ते पैसे नाहींत, त्यानें घात निघून चालली असतां कोणत्या शब्दानें शेजाऱ्यास हांक मारावी? "मला मदत कर" असें म्हणणें त्यास जड जातें. "सावड करूं" म्हणणें जड जात नव्हतें. त्यांत मिंधेपणा नव्हता.

या पानावरचा चौथा शब्द मला पश्चिमेकडे, डोंगराच्या अंगास मिळाला. घोडेगांवाहून भीमाशंकराच्या बाजूस जावें, अथवा जुन्नराहून नाणेघाटाच्या वाटेस लागावें, म्हणजे बोली हळूहळू पालटते. बागाईत-जिराईत हे शब्द मागें पडतात. राब, खाचर, आवणी हे पुढें येतात. हिरड्याच्या दिवसांत तेथें 'हिरडा' म्हणून भागत नाहीं, 'बाळहिरडा' म्हणावें लागतें. कोंवळें फळ वाळवून केलेला तो माल वेगळा आणि त्याचा भावही वेगळा. त्या मुलखांतले महादेव कोळी बांधव उतारावरची जमीन फोडून भाताचें खाचर करावयाचें असलें म्हणजे मजूर लावीत नसत. सारे जण मिळून आज याच्या उतारावर, नंतर त्याच्या उतारावर बांध घालीत. त्यांचा शब्द 'पडकई'. आनंदाची गोष्ट ही कीं, पुढें या भागांत भातखाचरें करून देण्याची सरकारी योजना निघाली, तेव्हां तिला पडकई हेंच नांव मिळालें. सरकारी कागदांत वरून खालीं आलेले शब्द मीं जन्मभर पाहिले. डोंगरावरून कागदांत चढलेला हा एक पाहून समाधान वाटलें.

वरून आलेले शब्दही कांहीं कमी चिवट नसतात. शिवनेरीवर १६३० सालीं ज्यांचा जन्म झाला, त्या शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेकानंतर फारशी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून सिद्ध करविला. तरी त्याच शिवनेरीच्या पायथ्याच्या तालुक्यांत आजही पारगांव तर्फे आळे आणि पारगांव तर्फे मढ अशीं दोन गांवें आहेत. तर्फ म्हणजे परगण्याचा पोटभाग; परगणा गेला, तर्फ गेली, पण दोन पारगांवांची पत्रें एकमेकांकडे जाऊं नयेत म्हणून तो शब्द पहाऱ्यावर राहिला. आंबेगांवांतील अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द यांचें तसेंच. बुद्रुक म्हणजे फारशी बुजुर्ग, थोरलें, आणि खुर्द म्हणजे धाकटें. खुद्द आंबेगांवाची कथा तर याहून चमत्कारिक आहे. जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें, कचेरी घोडेगांवास आहे, आणि साऱ्या तालुक्याचें नांव मात्र त्या बुडालेल्या गांवाचें.

हौस म्हणून शब्द जमवावे हें ठीक. पण शब्द विसरल्यानें जमिनीचा तंटा कसा होतो तें मीं अलीकडेच पाहिलें. गांवाचें नांव सांगत नाहीं. दोघां चुलतभावांच्या आजोबांनीं केलेल्या जुन्या वाटपपत्रांत "विहीर व धांव सामाईक, धांवेस कोणीं हरकत करूं नये" असें वाक्य होतें. एकास विहिरीलगत कांद्याची बराख बांधावयाची होती. त्याचें म्हणणें, धांव म्हणजे नुसता येण्याजाण्याचा हक्क, तो पायवाटेपुरता ठेविला म्हणजे झालें. दुसरा म्हणे, धांव म्हणजे विहिरीपासून थेट बांधापर्यंत सारी मोकळी जागा. दोघेही तिशीचे, मोट दोघांनींही पाहिलेली नाहीं. वकिलापर्यंत प्रकरण गेलें होतें.

शेवटीं घरांतल्या ऐंशीच्या पुढच्या आजीबाईंस खुर्चीवर बसवून विहिरीवर नेलें. त्यांनीं काठीनें दाखविलें: येथें चाक, येथें कणा, येथें थारोळें, म्हणजे मोट रिती होण्याची जागा, जाड दोर तो नाडा आणि सोंडेचा बारीक तो सोंदूर. बैल मोट ओढीत उतरत जात ती उतरती वाट, ती धांव. ती किती लांब? आजीबाई म्हणाल्या, "विहीर जेवढी खोल तेवढी, बाबा, नाड्याला दुसरी वाट कुठली?" विहीर आठ परस, म्हणजे आठ पुरुष खोल. तेवढें अंतर थारोळ्यापासून मापलें, तों उतार संपून जमीन सपाट होते ती जागा बरोबर लागली. मातीनें भरून आली होती, तरी खूण मोडली नव्हती. बराख दहा हात पलीकडे सरकली आणि खर्चाचे पैसे वांचले. त्या विहिरीवर आज विजेची मोटर आहे, आणि धांवेवर तिची पेटी.

गेल्या शब्दांसाठीं रडत बसावें, असें मात्र मला वाटत नाहीं. मोट गेली तरी वाफ्यांत पाणी वळविणारा मनुष्य अजून 'दारें धरतो', आणि तें पाणी अजून दंडानेंच येतें. ठिबक हा शब्द तर आपल्या डोळ्यांदेखत रुळला. ठिबकणें या जुन्या क्रियापदांतून तो इतका सरळ निघाला आहे कीं तो परका म्हणून कोणास सांगूनही पटणार नाहीं.

ज्या वाचकांस असे शब्द ठाऊक असतील त्यांनीं ते या मासिकाकडे अवश्य पाठवावे, पोस्टकार्ड पुरे. शब्दाबरोबर गांव लिहावें, आणि नुसता अर्थ न देतां तो शब्द ज्या वाक्यांत ऐकिला तें वाक्य जसेंच्या तसें द्यावें. शुद्ध करूं नये. औताचे, पाण्याचे व पावसाचे शब्द आधीं घ्यावे. पुनर्वसूच्या पावसास तरणा आणि पुष्याच्या पावसास म्हातारा म्हणतात हें माझ्याकडे आलेलें आहे. इतर नक्षत्रांचीं आपल्या गांवचीं नांवें हवीं आहेत. घरांत आजी असेल तर तिला प्रथम विचारावें.