खिशातली ब्रिटानिया आणि खजुराखालची बाई

मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवर सुट्टे पैसे हातात आले की पन्नास पेन्सचं नाणं एकदा उलटून बघा. २००८ किंवा त्याआधीचं साधं नाणं असलं तर त्यावर एक बाई बसलेली दिसेल. डोक्यावर लोखंडी टोप, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात जैतुनाची डहाळी, शेजारी सिंह. नातवंडं विचारतात, "आजी, ही कुठली राणी?" बाळांनो, ही राणी नव्हे. ही कधी जन्मलीच नाही! हिचं नाव ब्रिटानिया. देशालाच बाईचं रूप दिलेलं आहे.

ही खोड ग्रीक आणि रोमन लोकांची. जय म्हणजे पंख असलेली मुलगी, तिचं नाव नीके. शहराचं नशीब म्हणजे तीके, तिच्या डोक्यावर मुकुट कसला, तर गावाच्या तटबंदीचा. नदी म्हणजे दाढीवाला म्हातारा, कलंडून बसलेला. भारतमातेची कॅलेंडरं भिंतीवर पाहिलेल्या आपल्या मंडळींना यात नवल वाटायचं नाही. फक्त आपल्याकडे गंगा माई, आणि मेडनहेडच्या पुलाखालून वाहते ती थेम्स मात्र "फादर"!

ब्रिटानियाचा त्रिशूळ तिचा स्वतःचा नाही. आधी तिच्या हातात भाला असे; १७९७ च्या पेनीवर त्रिशूळ आला. तो ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, पोसायडनचा. हा पोसायडन आपल्या महाराष्ट्रातही सापडला आहे बरं का. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात खोदकाम झालं, तेव्हा जुनी काशाची भांडीकुंडी निघाली आणि त्यांत वीतभरही उंच नसलेली पोसायडनची मूर्ती. रोमशी व्यापार चाले त्या काळात ती आली. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये असते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनालाही जाऊन आली. त्याच ढिगात एका गोल पत्र्यावर पर्सियस वीर आणि अँड्रोमेडा आहेत. राक्षसी माशाला बळी द्यायला खडकाला बांधलेल्या राजकन्येला पर्सियस सोडवतो, ही ती गोष्ट. तो खडक कुठला? याफोचा! योना नबी जिथून गलबतात बसला तेच बंदर. तिच्या साखळदंडांच्या खुणा तिथे दाखवतात, असं जोसेफसनं लिहून ठेवलं आहे.

आता दुसरी बाई. सन ७० मध्ये रोमनांनी बेथ हमिकदाश जाळलं. पाठोपाठ बादशहा वेस्पासियननं नाणी पाडली. मध्ये खजुराचं झाड, त्याखाली जमिनीवर बसलेली, डोक्याला हात लावून रडणारी बाई. काही नाण्यांवर झाडापलीकडे हात मागे बांधलेला कैदी. अक्षरं दोनच शब्दांची: यहुदा जिंकला. हे नाणं साम्राज्यभर बाजारात फिरलं. भाजी घ्यायला गेलेल्या बाईच्या हातात आपलाच अपमान मोड म्हणून पडावा, यापरता दुष्टपणा काय असेल? असली नाणी वेस्पासियनच्या मुलांनीही पाडली.

आणि गंमत बघा, ब्रिटानियाही तशीच जन्मली. तिला प्रथम नाण्यावर बसवलं हेड्रियन बादशहानं, सन ११९ च्या सुमारास, रोमचा एक अंकित मुलूख म्हणून. तेव्हा ती आणि यहुदा बहिणीच म्हणायच्या. पुढे १६७२ साली दुसऱ्या चार्ल्स राजानं तिला तांब्याच्या नाण्यावर आणलं आणि हरलेली बाई मालकीण होऊन बसली.

याच हेड्रियनविरुद्ध सन १३२ मध्ये बार कोखबा उठला. त्याचं बंड मोडायला हेड्रियननं कुणाला बोलावलं? ब्रिटनच्याच सुभेदाराला, ज्युलियस सेव्हेरसला! बार कोखबाच्या लोकांकडे स्वतःची टाकसाळ कुठली. त्यांनी रोमन नाणी घेतली आणि त्यांवरच आपले ठसे ठोकले. एका बाजूला बेथ हमिकदाश, दुसऱ्या बाजूला लुलाव. काही नाण्यांवर ठशाखालून बादशहाचं नाक अजून डोकावतं. मला विचाराल तर असला जबाब कुठल्याच लढाईत दिला गेला नसेल. बंड १३५ साली मोडलं.

१९५८ साली इस्राएल राज्याला दहा वर्षं झाली तेव्हा एक पदक काढलं. एका अंगाला तीच खजुराखालची रडणारी बाई. दुसऱ्या अंगाला उभी राहून बाळाला वर उचलणारी आई आणि शेजारी रोप लावणारा माणूस.

ज्यांना असली जुनी नाणी बघायची हौस आहे त्यांनी मेडनहेडहून एलिझाबेथ लाइननं टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरावं. तिथून ब्रिटिश म्युझियम चालत दहा मिनिटांवर. तिकीट नाही. नाण्यांचं दालन वरच्या मजल्यावर आहे. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट विचारून घ्या.