टाकीचे झाकण कुठे आहे?

पारशिवनी परिसरात नवे घर घेणारा माणूस बोअरला पाणी किती लागले ते विचारतो, दाराची दिशा पाहतो, कागदपत्रे तपासून घेतो, स्लॅबला ओल आली आहे का हे हात लावून बघतो. संडासाची टाकी नेमकी कुठे आहे आणि तिचा शेवटचा उपसा कधी झाला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पुष्कळदा तिचे झाकण अंगणातल्या नव्या फरशीखाली किंवा तुळशीच्या ओट्याखाली गेलेले असते. मग पहिल्याच जोरदार पावसात संडासाचे पाणी उतरेनासे होते आणि सब्बल घेऊन शोधाशोध सुरू होते.

भूमिगत गटार नसलेल्या गावात प्रत्येक घर आपल्या मैल्याची व्यवस्था आपल्याच अंगणात करत असते. ही व्यवस्था चालते कशी, हे एकदा समजले की तिची निगा अवघड नाही. टाकीत आलेल्या पाण्यातला जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो. तेल, चरबी आणि हलके पदार्थ वर सायीसारखे जमतात. मधले पाणी पुढच्या कप्प्यातून शोषखड्ड्यात जाते. हवेविना जगणारे जिवाणू गाळ पचवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ दरवर्षी चढत जातो. बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळले असले तरी त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतातच. टाकी घाण अडवते, पाणी शुद्ध करत नाही. ते काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते.

आणि माती साथ देईलच असे नाही. विदर्भातली काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी शोषून घेत नाही. उन्हाळ्यात बिनबोभाट चाललेली टाकी आषाढात तुंबते, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. अशा वेळी छपराच्या पन्हाळीचे पाणी टाकीत सोडलेले असेल तर ते आधी काढावे. खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांत किमान 18 मीटर अंतर हवे, असे भारतीय मानक आयएस 2470 सांगते. घर विकत घेताना हे अंतर पावलांनी मोजायला पाच मिनिटे पुरतात. शेजाऱ्याचा खड्डाही त्यात मोजावा, कारण जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्याला कुंपण कळत नाही.

‘आमची टाकी वीस वर्षांत उपसावीच लागली नाही,’ असे अभिमानाने सांगणारे बरेच भेटतात. डॉक्टरच्या दृष्टीने ही चिंतेची खूण आहे. अशा टाकीचा तळ बहुधा पक्का केलेलाच नसतो, आणि मैला सरळ जमिनीत उतरत राहतो. टाकी जितकी मोठी तितकी चांगली, हा असाच दुसरा समज. पाच माणसांच्या कुटुंबाला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सुमारे एक मीटर पाण्याच्या खोलीची टाकी मानकानुसार पुरते. दोन-तीन वर्षांनी, किंवा गाळ टाकीच्या एक तृतीयांशापर्यंत चढला की, उपसा करावा. थोडा गाळ तळाशी राहू द्यावा, त्यातल्या जिवाणूंमुळे टाकी लवकर पुन्हा कामाला लागते. ज्यांनी दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधला आहे त्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिला निदान वर्षभर बंद ठेवायचा.

झिरपलेल्या मैल्याचा रुग्णालयातला चेहरा ओळखीचा आहे: अतिसार, विषमज्वर, कावीळ. हिपॅटायटिस ई हा काविळीचा प्रकार दूषित पाण्यातून पसरतो. एरवी तो बहुतेकांना बरा होऊन सोडतो, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याची लागण झालेल्या शंभरांपैकी वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त झाले तर लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. हे नायट्रेट शेतातल्या खतातूनही येते आणि टाकीतूनही. पाणी उकळून ते जात नाही, उलट दाट होते.

नागपूर जिल्ह्याला आणखी एक गोष्ट लागू आहे. हत्तीपाय पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो आणि संडासाची टाकी हे त्याचे आवडते ठिकाण. हत्तीरोगावर तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत नागपूर होता. गोळ्या आरोग्य खाते घरपोच देते. टाकीच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधायचे काम मात्र घरमालकाचे. मच्छरदाणीचा तुकडा आणि थोडी तार, एवढ्यात ते होते. झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात.

टाकीत काय जाऊ द्यायचे नाही हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे. सॅनिटरी पॅड, डायपर, उरलेले तेल आणि ओले वाइप्स संडासात टाकू नयेत. भांडे घासायला थोडे क्लीनर चालते. बाटलीभर ॲसिड ओतले तर टाकीतले जिवाणूच मरतात. बाजारात टाकीसाठी जिवाणूंची पावडर मिळते. ती घेण्याची गरज नाही, विष्ठेतून ते रोज फुकट येतात.

आता फार्महाऊस आणि नव्या वसाहतींत हवा सोडणारी टाकी दिसू लागली आहे. तिच्यात ब्लोअर दिवसरात्र हवा सोडतो आणि हवेवर जगणारे जिवाणू मैला अधिक चांगला पचवतात. शेवटी क्लोरीन दिले की पाणी बागेला वापरता येते, पण भाजीपाल्याला नाही. ब्लोअर वीजबिल वाचवण्यासाठी बंद करणे ही नव्या मालकाची नेहमीची चूक. काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपतो, वास सुटतो आणि न पचलेले पाणी पुढे जाते. हवेची गाळणी धुणे, क्लोरीनच्या गोळ्या संपू न देणे आणि गाळ मोजून घेणे, हे सगळे आलेच. अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यात अशा टाकीसोबत पहिली दोन वर्षे देखभालीचा करार सक्तीचा आहे. आपल्याकडे तो आपणच विक्रेत्याकडून लिहून घ्यावा.

सगळ्यात मोठा धोका मात्र झाकण उघडल्यावर सुरू होतो. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साठतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस खाली उतरतो आणि एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्यांत दोन-तीन मृतदेह एकत्र असतात ते यामुळे. आत कोणी पडलेच तर उतरू नये, झाकणे उघडी करावीत, अग्निशमन दलाला बोलवावे. काडी पेटवून ‘वायू आहे का’ पाहणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळीच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा ठेकेदारासारखाच घरमालकालाही लागू होतो. गटार किंवा टाकीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये म्हटले आहे. म्हणून उपसा सक्शन टँकरनेच करावा. सफाईमित्र सुरक्षा मोहिमेत त्यासाठी 14420 हा क्रमांक दिलेला आहे. टँकरवाल्याला मैला कुठे टाकणार हेही विचारावे. नवेगाव खैरीच्या जलाशयातून नागपूरकर पाणी पितात, त्यामुळे नाल्यात सोडलेल्या टँकरची गोष्ट गावापुरती राहत नाही.

वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी हा प्रश्न घरमालकाच्या आठवणीवर सोडलेला नाही. तिथे टँकर ठरलेल्या पाळीने दारोदार येतो, साधारण तीन वर्षांत एकदा, आणि गाळ शहराच्या प्रक्रिया केंद्रात नेतो. टाकी भरली की नाही, याची वाट पाहिली जात नाही. पारशिवनीच्या घरमालकाला तोवर आपल्या उपशाची तारीख मीटरच्या पेटीशेजारी रंगाने लिहून ठेवता येईल. घर विकताना पुढच्या मालकाला तीच पहिल्यांदा दाखवावी.